जोत्याचे काम

घरामागे चार हात बाग असली की तिच्या कोपऱ्यात अवजारांसाठी एक शेड, येथील भाषेत 'माखसान', असावी असे पुष्कळांस वाटते. तयार शेड दुकानात मिळते आणि दोघांना ती एका दिवसात उभी करता येते. जोते मात्र आपले आपणच घालावे लागते.

आम्हांस शेडमध्ये दिवंगत वडिलांची सुतारकामाची पेटी ठेवावयाची होती. करवत, रंधा, पटाश्या, गिरमिट ही हत्यारे त्यांनी मुंबईहून येताना कपडे कमी करून विमानातून आणली. थोरल्याच्या लग्नानंतर घरात जागा उरली नाही. आणि ओल लागल्यावर लोखंडाचे काय होते, हे कोकणातल्या माणसास सांगावयास नको. सैन्यातून रजेवर आलेल्या धाकट्याचे म्हणणे, "आब्बा, चार फरश्या टाका नि वर शेड ठेवा."

पण आमच्या बेअरशेबाची माती फसवी. वाऱ्याने आणलेल्या बारीक धुळीची ही लोएस माती कोरडी असता टणक, आणि पाणी मुरले की खचते. शेजाऱ्यांची शेड पहिल्याच पावसात कलली. तिचे दार अजूनही खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. म्हणून आम्ही 20 सेंटीमीटर खणून तळ चोपला व त्यावर 15 सेंटीमीटर खडीमिश्रित भराव दोन थरांत, पाणी शिंपडून, धुम्मसाने बसविला. ह्या भरावास येथील गवंडी 'मात्सा' म्हणतात. आमच्या मातोश्रींनी तो शब्द ऐकून पेसाह अजून लांब आहे अशी आठवण करून दिली! हा थर कच्चा राहिला, तर वरचे सिमेंट कितीही चांगले असो, व्यर्थ.

जोते 3 मीटर लांब व 2 मीटर रुंद. कोपरे काटकोनात आहेत की नाहीत हे नजरेने ठरवू नये, दोन्ही कर्ण मोजावेत. प्रत्येक 3 मीटर 60 सेंटीमीटरहून अर्धा सेंटीमीटर अधिक भरला पाहिजे. पायथागोरसचे हे प्रमेय आम्ही फळ्यावर कितीदा तरी शिकविले. धाकट्याने दोरी ताणून दुसरा कर्ण मोजला, तो जुळला, आणि तेव्हापासून त्याने फरश्यांचे नाव काढले नाही.

10 सेंटीमीटर जाडीस 0.6 घनमीटर काँक्रीट लागते. वजन सुमारे दीड टन. एक भाग सिमेंट, दोन भाग रेती, चार भाग खडी ह्या प्रमाणात सिमेंट सुमारे 190 किलो. भरावावर ओल अडविणारे जाड प्लॅस्टिक अंथरून, त्यावर ठोकळ्यांनी उचललेली लोखंडी जाळी ठेवली. पाणी हात राखून घालावे. पातळ काँक्रीट पसरते छान, पण त्याची ताकद जाते.

वार आम्ही विचारपूर्वक रविवारचा धरला. काँक्रीट निदान सात दिवस ओले राहिले पाहिजे, आणि ऑगस्टच्या उन्हात पहिले दिवस फार जपावे लागतात. शुक्रवारी ओतले तर त्यांतलाच एक शब्बाथास येतो. पहाटे पाचला प्रार्थनालयातले चौघे घमेली घेऊन हजर झाले. ऊन चढण्यापूर्वी काम आटोपले, मग पोहे व चहा. पुढे रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारले. शुक्रवारी दिवे लागण्यापूर्वी गोणपाटे भिजवून, वरून प्लॅस्टिक झाकून, कडांवर विटा ठेवल्या, की शब्बाथभर हात लावावयास नको.

शेड पुढील आठवड्यात उभी राहील. पेटी मात्र पहिला पाऊस पडून आत ओल येत नाही असे दिसल्यावरच हलवावयाची, असे मातोश्रींनी बजावले आहे. तोपर्यंत ती त्यांच्या खाटेखाली आहे.