एअर काढताना

आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच तारेचा असतो. तार तुटली तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक थोड्या वेळात नवी घालून देतो. काही मोठ्या गाड्यांत मात्र तारेऐवजी तेल असते. डाव्या हँडलवर तेलाची छोटी डबी, तिला जोडलेला मास्टर सिलिंडर, तिथून इंजिनापर्यंत पाइप आणि त्याच्या टोकाला दुसरा, म्हणजे स्लेव्ह सिलिंडर. लिव्हर दाबला की तेल खालच्या पिस्टनला ढकलते आणि क्लच सुटतो. घरोघरच्या दुचाकींचा डिस्क ब्रेकही याच तत्त्वावर चालतो. म्हणून आमच्या घरची ही हकिकत क्लचची असली, तरी डिस्क ब्रेकची गाडी असलेल्या प्रत्येक घराच्या उपयोगाची आहे.

आम्ही पनवेलचे. धाकटा भाऊ कामासाठी रोज पेणला जातो, पळस्पे फाट्यावरून, कर्नाळ्याची खिंड ओलांडून. त्याने एक जुनी मोठी गाडी घेतली होती. पावसाळा संपता संपता तिचा लिव्हर मऊ पडला. सिग्नलला न्यूट्रल लागेना. क्लच पूर्ण दाबूनही पहिल्या गियरमध्ये गाडी पुढे सरकू लागली. समोर ट्रक उभा असताना गाडी आपोआप सरकणे म्हणजे काय, हे महामार्गावर जाणाऱ्याला सांगायला नको. एका मेकॅनिकने क्लच प्लेटा बदलाव्या लागतील म्हणून सांगितले. आकडा ऐकून अम्मी म्हणाली, "एवढ्यात तर पोरीची वर्षाची फी भरून होईल."

अब्बांनी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेले. आता नजर अधू झाली आहे. त्यांनी लिव्हर दोनदा दाबून पाहिला आणि म्हणाले, "प्लेटा झिजल्या तर क्लच घसरतो. इंजिन ओरडतं, गाडी ओढत नाही. इथे उलटं आहे, क्लच सुटतच नाही. तेलात हवा शिरलीय." मग हसून म्हणाले, "एस.टी.चे ब्रेक हवेवरच चालायचे. इथे हवाच दुश्मन."

कारण साधे आहे. तेल दाबले तरी आक्रसत नाही, हवा आक्रसते. पाइपात बुडबुडा असला की हाताचा जोर त्याला दाबण्यातच जातो, पिस्टनपर्यंत पोहोचत नाही.

पण हवा शिरली कुठून? इंजिनाच्या बाजूला, चेनच्या चिखलाआड, स्लेव्ह सिलिंडर ओला दिसला. ऑइल सील गळत होते. आम्ही सिलिंडर उघडून पुसला. आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे असते तर नवे सीलही टिकले नसते, सिलिंडरच बदलावा लागला असता. अलहमदुलिल्लाह, भिंत गुळगुळीत होती. नवे सील ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बसवले. हे तेल रंग खाते, म्हणून टाकीवर जुनी चादर टाकली आणि शेजारी पाण्याची बादली ठेवली.

त्यानंतर एअर काढणे. हे दोघांचे काम. अब्बा लिव्हरवर, आम्ही पान्यावर. निपलला पारदर्शक नळी लावली आणि तिचे दुसरे टोक बाटलीतल्या ताज्या तेलात बुडवले. अब्बा लिव्हर तीन-चार वेळा दाबून धरून ठेवत. आम्ही निपल पाव फेरा सैल करायचे. तेल आणि बुडबुडे बाहेर. निपल पुन्हा घट्ट झाल्यावरच अब्बांनी लिव्हर सोडायचा, नाहीतर तीच हवा परत आत ओढली जाते. "दाबला." "सोडला." "बंद." "आता सोडा." डबी रिकामी होऊ न देण्याचे काम भावाच्या लेकीकडे होते. पातळी जरा खाली गेली की ती ओरडायची, "दादाजान, तेल!"

अखेर नळीत बुडबुडे दिसेनासे झाले. आम्ही पाना ठेवणार, तोच अब्बा म्हणाले, "अजून आहे. हाताला लागतंय." हँडल वळवून डबी सर्वांत उंच केली आणि लिव्हर दोरीने बांधून रात्रभर तसाच ठेवला. अडकलेली हवा वर चढते. फजरनंतर दोरी सोडून पुन्हा एअर काढली, तेव्हा दोन बारीक बुडबुडे निघाले आणि लिव्हर कडक झाला.

बाहेर आलेले तेल चहासारखे काळपट होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि आपल्या कोकणात ओलाव्याला काय तोटा! ताजे डॉट ४ तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; ओलावा मुरला की ही मर्यादा १५५ अंशांच्या आसपास येते. घाट उतरताना ब्रेक तापले आणि तेल उकळले, तर वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर थेट हँडलला टेकतो. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी तेल बदलावे. डबीच्या झाकणावर लिहिलेलेच तेल, तेही सीलबंद बाटलीतून घालावे. काही क्लचला मिनरल ऑइल लागते. एकाच्या जागी दुसरे घातले की रबर खराब होते. आणि ब्रेकची एअर काढली असेल, तर जाणत्या मेकॅनिकला दाखवल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.

धाकट्याच्या गाडीचे न्यूट्रल आता एका बोटाने लागते. डबीवर आम्ही तेल बदलल्याची तारीख चिकटवली आहे. भाऊ दर जुम्याला गाडी धुतो, तेव्हा अब्बा बाहेर येतात आणि काही न बोलता दोन्ही लिव्हर एकदा दाबून पाहतात.