ऐकणाऱ्याचे तीन मोती

१४ डिसेंबर २०२३ रोजी पुण्यात एक विक्रम झाला. स. प. महाविद्यालयाच्या मैदानावर ३०६६ पालकांनी एकाच वेळी आपापल्या मुलांना गोष्ट वाचून दाखवली आणि गिनेस बुकातला चीनचा विक्रम मोडला. निमित्त होतं पहिल्या पुणे पुस्तक महोत्सवाचं. वाचन चाललं चार मिनिटं. मी आईला ही बातमी वाचून दाखवली, तर ती म्हणाली, "चार मिनिटांत आपल्याकडे वाचायचं कुणी, हेसुद्धा ठरायचं नाही." पुढच्या वर्षी त्याच महोत्सवाच्या आधी 'शांतता... पुणेकर वाचत आहेत' असा उपक्रम निघाला. भर दुपारी तासभर, जिथे असाल तिथे, पुस्तक उघडून मनात वाचायचं. एका वर्षी मोठ्यानं, दुसऱ्या वर्षी मुकाट्यानं. कुठलाही विषय असो, पुण्याला दोन्ही बाजू मांडल्याशिवाय चैन पडत नाही.

आईचं म्हणणं मात्र खरं होतं. आमच्या घरात वाचायचं कुणी यावरून भांडणं होत. आणि त्या भांडणात वाचनाची गोडी वगैरे काही नव्हती, निदान सुरुवातीला तरी नव्हती.

आमचा वाडा नारायण पेठेत, नदीपासून फार लांब नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी तान्ही होते. तळमजल्याच्या खोलीत अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पुस्तकांची ट्रंक होती. पाणी ओसरल्यावर तिच्यातून जे निघालं ते पुस्तक होतं की चिखल, हे सांगता येत नव्हतं म्हणतात. अण्णा मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकून. तुटपुंज्या पगारातून एकेक करून घेतलेली ती पुस्तकं. त्यानंतर त्यांनी पुस्तक विकत घेणं जवळजवळ सोडूनच दिलं. "पुस्तक ग्रंथालयात असावं," ते म्हणत, "बुडालं तरी सगळ्यांचं बुडतं." पुणे मराठी ग्रंथालय आमच्याच पेठेतलं, १९११ सालचं. आमच्या वर्गणीत एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक मिळे.

आता हिशेब बघा. पुस्तक एक, परत करायची तारीख ठरलेली, आणि घरात त्यावर टपलेली माणसं सहा-सात. आजी, आई, अण्णा, आत्या, मोठा भाऊ, मी, आणि वर माडीवर राहणाऱ्या काकू, ज्या वर्गणी भरत नसत पण पुढे काय झालं हे विचारायला रोज उतरत. एकेकानं वाचत बसलं तर महिना पुरला नसता. मग एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, हा सरळ काटकसरीचा मार्ग होता.

त्याला जोड मिळाली मटारची. जानेवारीत मंडईत मटार स्वस्त झाला की अण्णा पिशव्या भरभरून आणत. पावसाळा सरताना भुईमुगाच्या ओल्या शेंगा, उन्हाळ्यात वर्षाचे गहू निवडणं, चातुर्मासात आजीच्या वाती. बसून हात चालवायची कामं घरात बाराही महिने असत. नियम असा होता की जो वाचेल त्याला कामातून सूट. मला मटार सोलायचा विलक्षण कंटाळा. नखांच्या कडा दुखत. त्यामुळे मी दुसरी-तिसरीतच वाचायला पुढे सरसावू लागले. पण सूट फुकट नव्हती. अडखळलं, एकसुरी झालं, पूर्णविराम गिळला, की आत्या पुस्तक काढून घेई आणि पुढ्यात टोपली सरकवी. शाळेत विरामचिन्हं शिकवायच्या आधी मला ती मटारनं शिकवली होती. मध्येच शेंगेत अळी निघे आणि कुणीतरी किंचाळे. तेवढंच वाचन थांबे.

ताम्हनकरांचा गोट्या, चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. शेवटचा तर जवळजवळ नात्यातला वाटे, कारण तो फुरसुंगीचा आणि शिकायला पुण्यात. १९७१ च्या नोव्हेंबरात बालभारतीनं 'किशोर' मासिक सुरू केलं, तेव्हा भाऊ आणि मी ते आमचं म्हणून ओढून घेतलं. पण ऐकायला सगळेच. आजीला तर त्यातली कोडीही वाचून दाखवावी लागत आणि उत्तर आम्ही आधी सांगितलं तर ती रागावे.

आमच्या घरात कुणी कधी मुलांसाठी म्हणून वाचलं नाही. मोठी माणसं स्वतःच्या हौसेनं वाचत होती, आम्ही ऐकू येईल इतक्या अंतरावर होतो, एवढंच. न कळणारं पुष्कळ कानावर पडे. 'याचा अर्थ काय' विचारलं तर "गप ऐक, पुढे कळेल" हे उत्तर. ते बहुतेक वेळा पुढे कळे. कधी बरीच वर्षं पुढे.

आजीचं वाचन वेगळं होतं. तिला मनात वाचता येतच नसे. लग्नानंतर सेवासदनच्या दुपारच्या वर्गात ती अक्षरं शिकली. त्या सेवासदनच्या रमाबाई रानडे. त्यांनी स्वतःच्या शिकण्याची हकीकत 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'त लिहिली आहे. १८७३ मध्ये लग्न होऊन आल्या तेव्हा नवऱ्यानं शिकवायला घेतलं आणि घरातल्या बायकांना ते खपेना. न्यायमूर्ती रानड्यांच्या घरात ही गत. आजीच्या वेळेपर्यंत दिवस पालटले होते. पण मिळालेलं अक्षर ती वाया जाऊ देत नसे. एकेक शब्द तोंडानं उच्चारूनच वाची, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा. चातुर्मासात श्रीधरांचा हरिविजय किंवा पांडवप्रताप, सोमवारी शिवलीलामृताचा अकरावा अध्याय. ओवीची तिची ठरलेली चाल होती, आणि त्या चालीतच ती दूधवाल्याला पातेलं कुठे आहे ते सांगे, मला कढईखालचा गॅस बारीक करायला लावी, आणि पुन्हा कृष्णाकडे वळे. ओवी आणि संसार यांच्यामध्ये तिला स्वल्पविरामही लागत नसे. मी पुढे ज्ञानेश्वरी अभ्यासाला घेतली तेव्हा प्राध्यापकांना छंदाबद्दल जे सांगायचं होतं, ते माझ्या कानाला आधीच ठाऊक होतं.

श्रावणातल्या रविवारी ती आदित्यराणूबाईची कहाणी वाची. हातात अक्षता घेऊन आम्ही बसायचं. लहानपणी मला ती कहाणी विचित्र वाटे, कारण तिच्यात देवापेक्षा कहाणीचाच मान मोठा. बाप लेकीकडे कहाणी सांगायला जातो. एक लेक राजाची राणी. तिला ऐकायला वेळ नाही, राजा शिकारीला निघालाय. तिचे दिवस फिरतात. प्रधानाच्या घरची दुसरी लेक ऐकते आणि तिला बरकत येते. पुढे राणी शहाणी होते आणि वाटेत ऐकणारा शोधत जाते. मोळीविक्या भेटतो, माळी भेटतो, म्हातारी भेटते. दर वेळी ती सहा मोती काढते. तीन ऐकणाऱ्याला देते, तीन स्वतः घेते. मग कहाणी सांगते.

तीन-तीन. निम्मे-निम्मे. ऐकणाऱ्याच्या कामाची इतकी चोख मजुरी मला दुसऱ्या कुठल्या वाङ्मयात आढळलेली नाही. वाचून दाखवणाऱ्याचं कौतुक सगळेच करतात. पण वाड्यातल्या त्या बैठकीत खरी मेहनत ऐकणारे करत. काकू नेमक्या जागी "अगं बाई" म्हणत, अण्णा पात्राशी वाद घालत, आत्या पुढचं ओळखून दाखवी. एकदा लेखक चुकला, असं तिचं ठाम मत होतं आणि उरलेलं प्रकरण तिनं आपल्या मनाप्रमाणे सांगून टाकलं. लेखकाचं आम्ही दुसऱ्या दिवशी ऐकलं. आत्याचं जास्त चांगलं होतं.

ही आत्या बालविधवा. शाळेत शिवण शिकवायची. दुपारी सगळे झोपले की ती बाबुराव अर्नाळकर वाची. हजारावर रहस्यकथा लिहिलेला माणूस, त्यामुळे आत्याला कधी तुटवडा पडला नाही. झुंजार, धनंजय, काळा पहाड. ही पुस्तकं ग्रंथालयाच्या पिशवीतून येत नसत. कोपऱ्यावरच्या, दिवसाच्या भाड्यानं पुस्तक देणाऱ्या दुकानातून पदराआड येत. अण्णांना ती खपत नसत, म्हणून आत्या ती कुजबुजत्या आवाजात वाची, काकूंना आणि झोपेचं सोंग घेतलेल्या मला. खून कुजबुजतच ऐकावा, असं माझं अजूनही मत आहे.

'श्यामची आई' मात्र सर्वांसमक्ष. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि त्याची मांडणीच मुळी रोज रात्री ऐकायला बसलेल्या मंडळींसाठी आहे. प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. आम्ही ते रात्र संपेल तसं वाचत असू. त्यात एक अडचण होती. वाचणाऱ्याचा गळा दाटला की पुस्तक शेजारच्याकडे जाई, त्याचाही दाटला की त्याच्या शेजारी. काही रात्री पुस्तकानं सबंध खोलीला फेरी घातलेली आहे. अण्णा आपली पाळी कधीच घेत नसत. त्यांना त्या वेळी बरोबर घड्याळाला किल्ली द्यायची आठवण होई. त्याची भरपाई ते विनोदात करत. मिरासदार, शंकर पाटील, माडगूळकर या तिघांच्या कथाकथनाचे ते दिवस. अण्णा कार्यक्रम ऐकून येत आणि रात्री आवाजासकट आम्हाला ऐकवत. मिरासदारांची गोष्ट छापील वाचताना आजही मला मध्ये अण्णांचा खोकला ऐकू येतो.

लग्नानंतर मी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आले आणि हे सगळं एकदम बंद झालं. सासरी पुस्तकं होती, आमच्यापेक्षा पुष्कळ जास्त, पण जो तो आपापल्या खुर्चीत मुकाट. मटार सोलायला टीव्हीची सोबत असे. तक्रार नाही, ज्या घरात प्रत्येकाला आपलं पुस्तक आणि आपला दिवा मिळतो, तिथे वाचून दाखवायची गरजच संपते. मुलगी थोडी मोठी झाली तेव्हा मी माधुरी पुरंदऱ्यांनी संपादित केलेली 'वाचू आनंदे'ची पुस्तकं आणली. फार देखणी, फार मनापासून केलेली. तिनं ती चाळली, चित्रं पाहिली. पण मी रोज रात्री तिच्यासाठी म्हणून वाचायला बसले की तिचं लक्ष पंख्याकडे. मग सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मी त्यांना दुपारी वाचून दाखवू लागले. आधी पेपरातल्या निधनवार्ता, मग दिवाळी अंक. आतल्या खोलीतून मुलीचा आवाज येई, "आई, ते परत वाच ना, नीट ऐकू नाही आलं." सासूबाई म्हणत, "तिला म्हणावं ये इकडे, पण मध्ये बोलायचं नाही." बस. दोन महिन्यांत ती बशीत पोहे घेऊन शेजारी येऊन बसायला लागली.

आता शाळांना १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन असतो, डॉ. कलामांच्या जन्मदिवशी. नातू त्या दिवशी पुस्तक हातात धरून फोटो काढून आला. पुस्तक कुठलं विचारलं तर म्हणाला, "निळं होतं." त्याला हसायचं कारण नाही. बेत चांगलाच आहे. फक्त मुलांसमोर घरातलं मोठं माणूस स्वतःच्या हावरटपणानं पुस्तकावर तुटून पडलेलं दिसावं लागतं, आणि त्याची सोय परिपत्रकात करता येत नाही.

आई आता माझ्याकडे असते. नव्वदीची आहे, डोळ्यांनी फारसं दिसत नाही. लेकीनं तिला फोनवर स्टोरीटेल हे बोलत्या पुस्तकांचं ॲप लावून दिलं. त्यातले वाचक उत्तम आहेत, आमच्या वाड्यात इतके स्वच्छ उच्चार कुणाचेच नव्हते. मी बाहेर गेले की ती ऐकते आणि घरी येताच तक्रार करते: "हा बाबा थांबतच नाही. मी म्हटलं, अरे दार वाजलं, तरी आपला पुढे." मध्ये बोलता येत नाही, हे तिचं खरं दुखणं. म्हणून संध्याकाळी मीच वाचते. चिमणराव चालू होते. मी एकदा कंटाळून दोन पानं गाळली, तर तिनं लगेच विचारलं, मधली म्हैस कुठे गेली.

नातू इंग्रजी शाळेतला. त्याचं मराठी वाचन जोडाक्षराशी येऊन अडतं. पण पणजीला हसवायला म्हणून तो एखादं पान मागून घेतो, आणि त्याच्या उच्चारांना ती चिमणरावांपेक्षा जास्त हसते. गेल्या आठवड्यात चिमणराव संपले. पुढे काय, यावर रीतसर भांडण झालं. त्याला फास्टर फेणे हवा, मला दुर्गाबाई भागवत, आणि आईनं मागितला अर्नाळकर. ती इतकी वर्षं अण्णांच्या बाजूची, त्यामुळे मी चकित झाले. "मग? तुझी आत्या वाचायची तेव्हा मी काय झोपलेली असायचे?" वयाच्या जोरावर निकाल तिच्या बाजूनं लागला. काल मी अप्पा बळवंत चौकातून जुना झुंजार शोधून आणला. नातवानं मुखपृष्ठ निरखून पाहिलं आणि विचारलं, खून पहिल्याच पानावर आहे ना, नाहीतर पहिलं पान मी वाचणार नाही.