खेळाला आवाज लागतो का?

सबमिशनच्या आठवड्यातसुद्धा संध्याकाळी सहा वाजले की ग्राउंडवर पळणारी मंडळी आपल्या हॉस्टेलवर कमी नाहीत. जर्नल अर्धवट असतं, रेक्टर सर ओरडतात, तरी पाय थांबत नाहीत. खरं सांगायचं तर आपली मैत्री वर्गात कमी आणि तिथेच जास्त जमते. कुणी चिडवतं, कुणी रुसतं, कुणी "अरे, तो आऊट नव्हताच" म्हणून तासभर भांडतं. या बडबडीतूनच आपण माणसांत राहायला शिकतो.

मित्रांनो, ही बडबड ज्याच्यापर्यंत पोचतच नाही, त्या मुलाचं काय होत असेल?

एनएसएसमुळे गेल्या वर्षी काही रविवार मी कर्णबधिर मुलांच्या एका निवासी शाळेत जात होतो. 'रिक्रिएशनल थेरपी' हा शब्द तिथेच कळला. "म्हणजे टाइमपास ना?" असं माझ्या रूमपार्टनरने लगेच विचारलं. टाइमपास नव्हे! मुलाला काय आवडतं, कुठे ते मागे राहतं हे आधी बघायचं. त्याप्रमाणे खेळ, चित्रं, नाटक, सहल ठरवायची. आणि काही आठवड्यांनी फरक पडला का ते तपासून पुढचं ठरवायचं. आपल्या भाषेत, फीडबॅक लूप.

तिथल्या सरांचा नियम साधा होता: मुलाला बदलू नका, खेळ बदला. संगीत खुर्चीत गाणं नाही, दिवा; तो विझला की बसायचं. खो-खोत पाठीवर थाप असतेच, फक्त 'खो' ओरडायचं नाही. शिट्टीच्या जागी झेंडा. सूचना देताना सगळ्यांनी गोल बसायचं, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसतात. आणि टाळ्या? दोन्ही हात वर करून हलवायचे. तो देखावा एकदा बघाच!

ही काही दयेपोटी केलेली सोय नव्हे. कर्णबधिरांच्या जागतिक स्पर्धा पॅरिसला १९२४ साली सुरू झाल्या. आज त्यांना डेफलिंपिक्स म्हणतात. तिथे धावण्याची शर्यत दिव्याच्या इशाऱ्यावर सुटते आणि मैदानात श्रवणयंत्र काढून ठेवावं लागतं. आपल्या हरियाणाचा कुस्तीगीर वीरेंद्र सिंग याने तिथे सुवर्णपदकं मिळवली; २०२१ साली त्याला पद्मश्री जाहीर झाली. अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडू डोकी जोडून घोळका करतात ना, तो १८९० च्या दशकात वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजात रुजला असं सांगतात. आपल्या खुणा समोरच्या टीमला दिसू नयेत म्हणून!

पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो नववीतला एक मुलगा. खो-खोचा कॅप्टन, दिवसभर हात चालू. दिवाळीच्या सुट्टीत घरी जायचा विषय निघाला की मात्र ते हात थांबायचे. घरी सगळे ऐकणारे, खुणा कुणालाच येत नाहीत. जेवताना सगळे हसले की हा विचारणार, "काय झालं?" उत्तर ठरलेलं, "नंतर सांगतो." ते 'नंतर' कधी येतच नाही. अमेरिकेतल्या पाहणीप्रमाणे कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांचे आईवडील ऐकणारे असतात. म्हणजे हा एकटेपणा त्याच्या एकट्याचा नाही.

शाळेने पालकांच्या दिवशी कॅरम मांडला. अट एकच, बोर्डाभोवती तोंडाने बोलायचं नाही. त्याचे बाबा 'तुझी पाळी', 'राणी', 'फाउल', 'पुन्हा खेळू' एवढ्या खुणा शिकले. सुट्टीनंतर तो परत आला तेव्हा सांगत होता, रोज रात्री बाबांशी खेळलो, एकदा भांडणही झालं. भांडणाचं सांगताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता! बाबा भांडले, म्हणजे बाबा बोलले.

चार खुणांनी सगळं सुटत नाही, हे खरं. पूर्ण भाषा हवी, आणि लहानपणापासून हवी. पण सुरुवात खेळातून होऊ शकते. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने शब्दकोशाचे व्हिडिओ इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. मेसच्या रांगेत रोज एक खूण शिकता येईल. यंदा गॅदरिंगच्या स्पोर्ट्सला त्या पोरांना बोलावू या. दिव्याची सर्किट आपली, झेंडे आपले. खो-खोत मात्र आपण हरणार, हे आत्ताच सांगून ठेवतो!