तीनशे मुलींचं घर

पुण्या-मुंबईहून कुणी पाहुणे आले की मी त्यांना चॅट्सवर्थ दाखवायला न्यायची. इंग्लंडातल्या आमच्या शेफील्डहून गाडीनं ते फार लांब नाही. डर्बीशरच्या टेकड्या, खाली डर्वेंट नदी, जवळच एडेन्सर हे लहानसं गाव आणि समोर ड्यूक ऑफ डेव्हनशर यांचा तो अवाढव्य वाडा. पाहुणे बघतच राहायचे. मग मी माझं ठरलेलं वाक्य बोलायची, "दुसऱ्या महायुद्धात यांनी शाळेतल्या मुलींना घर दिलं म्हणून कौतुक होतं. पण सैनिक आले असते तर घराची वाट लागली असती, म्हणून दिलं."

वाक्य खोटं नव्हतं. युद्धात सरकार मोठमोठी घरं ताब्यात घेणार हे १९३९ साली दिसतच होतं आणि सैनिकांपेक्षा मुली परवडल्या, असा विचार दहाव्या ड्यूकनी केला होता. पण माझ्या बोलण्यातल्या कडवटपणाचं मूळ आमच्या घरात होतं. हेच ड्यूक १९४० पासून १९४२ च्या अखेरपर्यंत लंडनच्या इंडिया ऑफिसात उपमंत्री होते, भारतमंत्री ॲमरी यांच्या हाताखाली. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत गवालिया टँकच्या 'छोडो भारत' सभेनंतर जी धरपकड झाली, तिच्यात माझे आजोबा येरवड्याच्या तुरुंगात गेले. त्यांना आत ठेवणाऱ्या सरकारातल्या माणसाच्या नावावर एकही चांगली गोष्ट जमा होऊ द्यायची नाही, हे मी मनोमन ठरवून टाकलं होतं. ड्यूकचा थोरला मुलगा विल्यम सप्टेंबर १९४४ मध्ये बेल्जियममध्ये लढताना मारला गेला, लग्नाला उणेपुरे चार महिने झाले होते. खरं सांगते, ते वाचूनही मी विरघळले नाही. आमच्याकडचेही किती गेले, एवढंच मनात आलं.

मी घरोघर जाऊन पेशंट बघणारी नर्स होते. एका आजींच्या पायाची जखम काही केल्या भरत नव्हती. आठवड्यातून दोनदा पट्टी बदलायला जायची. पट्टी सोडताना त्यांना दुखायचं आणि दुखू लागलं की त्या बोलायच्या. चॅट्सवर्थचा विषय निघाला तो असाच. त्या पेनऱ्होस कॉलेजच्या विद्यार्थिनी होत्या. उत्तर वेल्समधल्या कॉल्विन बे गावातली ही मुलींची शाळा. युद्ध सुरू झालं तशी अन्नखात्यानं तिची इमारत घेतली आणि जवळजवळ तीनशे मुली शिक्षिकांसह चॅट्सवर्थला येऊन दाखल झाल्या. १९४६ पर्यंत तिथंच राहिल्या.

राजेरजवाड्यांसाठी सजवलेल्या दालनांत लोखंडी खाटांच्या रांगा लागल्या. एडवर्ड हॅलिडे या चित्रकारानं ते दृश्य रंगवून ठेवलंय, वर भिंतभर विणलेले जुने चित्रपडदे आणि त्यांच्याखाली मुलींच्या खाटा. मी ते चित्र पाहिलं होतं, पण मला त्यात फक्त पडदे दिसले होते. आजी थंडीबद्दल सांगायच्या. एवढ्या उंच छताच्या खोलीला ऊब कुठून येणार? अंगावर कोट चढवून झोपायचं, सकाळी तोंड पुसायचा फडका ताठ गोठलेला. रात्रभर इतक्या जणींच्या श्वासांनी भिंती ओलसर व्हायच्या, हे सांगताना त्या हाताचा पंजा तोंडासमोर धरून फुंकर मारून दाखवायच्या. नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीला रात्री छतावरच्या रंगवलेल्या देवतांची भीती वाटायची, म्हणून आजी तिला आपल्या खाटेत घ्यायच्या. तेव्हा त्या स्वतः बारा वर्षांच्या.

एकदा पट्टी बांधता बांधता माझं ते वाक्य मी त्यांनाही ऐकवलं. त्यांना राग आला नाही. म्हणाल्या, "ते आम्हाला ठाऊक होतं. भिंतींना हात लावू नका, हे रोज ऐकायला लागायचं. पण मला सांग, आम्ही कुठं जाणार होतो?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येताना गाडी मध्येच बाजूला घेऊन थांबले. इतकी वर्षं मी त्या घराची गोष्ट सांगत होते आणि तीनशे मुलींपैकी एकीचीही कधी विचारपूस केली नव्हती. ड्यूकला खाली खेचायला लागतात, तेवढ्यापुरत्याच त्या माझ्या बोलण्यात यायच्या. त्यांची शाळा मोडली नाही, परीक्षा चुकल्या नाहीत, आईबापांपासून दूर त्या एकमेकींना धरून वाढल्या. देणाऱ्याचा हेतू तपासण्याच्या नादात हे सगळं मी पुसून टाकत होते. इंडिया ऑफिसातल्या त्या खुर्चीला मी आजही माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण आजोबांच्या तुरुंगवासाचा हिशेब त्या मुलींच्या खाटांवर बसून मांडायचा मला काही अधिकार नव्हता. ते वाक्य मी सोडून दिलं. आता पाहुण्यांना घेऊन आधी वरच्या दालनात जाते आणि खाटा कुठे होत्या ते दाखवते.

पुढच्या खेपेला मी आजींना माझ्या आजोबांचं सांगितलं, येरवड्यासकट. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. नंतर विचारलं, "तुरुंगात पांघरायला काय द्यायचे?"

काळं, टोचणारं एक कांबळं, मी म्हटलं. सुटून आल्यावरही आजोबा तसलंच वापरायचे.

"एकच?" त्या म्हणाल्या, आणि पाय माझ्या मांडीवर सरळ केला.