एका फ्रेमपुरता हात

"मॅम, तिचा आवाजच नाहीये."

तिसऱ्यांदा दाखवून झाल्यावर मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली. काळे पडदे ओढलेले होते. पंखा मी बंद ठेवायला लावते, त्याच्या घरघरीत ‘पथेर पांचाली’तले बारीक आवाज बुडून जातात. पडद्यावर हरिहर कित्येक महिन्यांनी घरी आला आहे. वादळाने मोडलेल्या घरासमोर तो बायकोला पोतडीतून एकेक वस्तू काढून दाखवतो. पोळपाट-लाटणं, लक्ष्मीची तसबीर, आणि मग मुलीसाठी, दुर्गासाठी आणलेली साडी. दुर्गा आता नाही हे त्याला ठाऊक नाही. सर्वजया साडी हातात घेते आणि इतके दिवस आवरून धरलेलं सगळं फुटतं. चेहरा पिळवटतो, तोंड उघडतं. तो हंबरडा पहिल्या खेपेला सगळ्यांना ऐकू येतो. मी स्वतः वीस वर्षं तो ऐकत आले होते.

चौथ्यांदा लावलं. सगळे कान देऊन बसले. हंबरडा नव्हताच. त्याच्या जागी तारशहनाई होती, पटदीपच्या वरच्या सुरांत. इसराजाला ग्रामोफोनसारखा कर्णा जोडला की हे वाद्य होतं. त्यातून निघणारा सूर गळ्यातून आल्यासारखा वाटतो, तरी तो गळ्याचा नसतो. दिग्दर्शक सत्यजित रे आणि संगीतकार रविशंकर यांनी आईचा आवाज काढून घेतला आणि तिथे हा सूर ठेवला.

"मग आम्ही ऐकलं काय?" त्याच मुलीने विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. तास संपायला दहा मिनिटं होती. ती दहा मिनिटं वर्गात कुणी फारसं बोललं नाही.

पुण्यातल्या एका शाळेत मी अकरावी-बारावीच्या मुलांना चित्रपट शिकवते. इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या अभ्यासक्रमात तो गणित किंवा इतिहासासारखाच एक विषय आहे. त्याला गुण असतात, मुदती असतात, जागरणं असतात. त्यातलं एक काम मला फार आवडतं. एका चित्रपटातली सलग पाच मिनिटं निवडायची आणि तेवढ्यावरच लिहायचं, जास्तीत जास्त १७५० शब्द. कॅमेरा कुठे ठेवला आहे, उजेड कुठून येतो, कट नेमका कोणत्या क्षणी होतो, आणि तो तिथेच का. मुलं ती पाच मिनिटं तीस-चाळीस वेळा पाहतात. आधी कंटाळतात. मग विसाव्या-पंचविसाव्या वेळेला कधीतरी एखादा दचकून फोन करतो, "मॅम, मागे दार उघडं आहे!"

त्याआधी बारा वर्षं मी मराठी शिकवलं. कवितेखाली ‘रसग्रहण करा’ असा प्रश्न असायचा आणि गाइडमध्ये त्याचं तयार उत्तर. कविता न वाचताही ते लिहिता यायचं, आणि पुष्कळ मुलं तसंच लिहायची. ते तपासताना माझा जीव तुटायचा. म्हणून चित्रपट शिकवाल का असं शाळेने विचारलं तेव्हा मला भीती वाटली. मुलांनी आपल्या आपण जीव लावलेली ही एक गोष्ट उरली होती. तिच्याखालीही आम्ही प्रश्न लिहिणार, पाच गुणांचे आणि आठ गुणांचे. ती भीती गेली ती या काळ्या पडद्यांच्या खोलीत. पंचविसाव्यांदा पाहणाऱ्या मुलाचं प्रेम कमी झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. आता मला वाटतं, ती कविता बारकाईने पाहिल्यामुळे मेलेली नव्हती. तिच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

याच शहरात, लॉ कॉलेज रस्त्यावर, हे पाहणं शिकवण्याची फार जुनी रीत आहे. कोल्हापूरहून १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी इथे आली. ‘संत तुकाराम’ इथेच तयार झाला. त्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि तिथे सतीश बहादुर यांनी पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांना ‘पथेर पांचाली’ एखाद्या ग्रंथासारखा, शॉट शॉट थांबवून वाचायला शिकवला. श्यामला वनारसे आणि ते, दोघांचं दुर्गाच्या भावावरच्या, म्हणजे अपूच्या तिन्ही चित्रपटांवर पुस्तक आहे. या कामाला मराठीत रसास्वाद म्हणतात. या शब्दात जीभ आहे, चव आहे. आस्वाद म्हटला की घास तोंडात घोळवणं आलं, गिळायची घाई करून तो मिळत नाही.

काशफुलांची गोष्ट मी दर वर्षी सांगते. अपू आणि दुर्गा पांढऱ्या काशफुलांतून धावतात आणि आगगाडी पाहतात, त्या दृश्याचं चित्रण १९५२च्या ऑक्टोबरात सुरू झालं. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी काम चालायचं. पुढच्या सुट्टीला मंडळी परत गेली तर गुरांनी सगळी फुलं खाऊन टाकलेली. मग पुढच्या मोसमापर्यंत थांबले. सोळा वर्षांच्या मुलांना हे खरं वाटत नाही. एका गवतासाठी वर्षभर? मी म्हणते, हो, एका गवतासाठी.

त्यानंतर फाळक्यांचा वाटाणा येतो. १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आल्यावर दादासाहेबांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी एक छोटी फिल्म केली. कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत त्याचं रोप होताना टिपलं. ती पाहून त्यांना पुढच्या कामासाठी पैसे मिळाले. आपल्याकडच्या कथापटाच्या आधी हा असा एक अंकुर आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. वर्गाला मी तोच गृहपाठ देते. वाटाणा, मूग, मेथी, काहीही पेरा. फोन एका जागी बांधून ठेवा.

गेल्या वर्षी एका मुलाने मूग पेरले. सहा दिवस, दर अर्ध्या तासाला फोन आपोआप एक चित्र घेत राहिला. २८८ चित्रं, पडद्यावर बारा सेकंद. बारा सेकंदांत मूग फुगले, फुटले, माना वर काढून उजेडाकडे वळले. आणि मधेच कुठेतरी काहीतरी लखकन चमकून गेलं.

"ते काय होतं?"

"आजीचा हात. ती पाणी घालत होती."

एका मुलाने सुचवलं, तेवढी फ्रेम काढून टाक, झटका बसतो. तो म्हणाला, "नाही काढणार. तिने पाणी घातलं नसतं तर बाकीच्या फ्रेम्स झाल्याच नसत्या." मी वहीत ते लिहून घेतलं.

एका वडिलांनी मला विचारलं होतं, "मॅडम, याचा पुढे उपयोग काय?" तळमळीने विचारलं होतं, मुलाच्या काळजीपोटी. मी त्यांना वर्गात बसायला बोलावलं. ते आले, दोन तास बसले आणि जाताना माझ्याकडून दोन चित्रपटांची नावं लिहून घेऊन गेले.

मला खुपतं ते वेगळं. हा विषय आमच्यासारख्या, फी परवडणाऱ्यांच्या शाळेत आहे. फ्रान्समध्ये १९८९पासून शाळकरी मुलांना वर्षातून तीन चित्रपट थिएटरात नेऊन दाखवतात आणि मग वर्गात त्यांवर बोलतात. इथे, फाळक्यांच्या नाशकात, प्रभातच्या कोल्हापुरात, महापालिकेच्या शाळेतल्या किती मुलांच्या वाट्याला असा एक अंधारा तास येत असेल? फोन तर त्यांच्याही हातात आहे. दिवसभर त्यांच्या डोळ्यांपुढून चित्रं सरकत असतात. त्यांना कुणीतरी एकदा, फक्त एकदा, थांब, परत लाव, असं म्हणायला हवं. हे लिहिताना माझा आवाज चढतो आहे, मला कळतं आहे.

वर्षाच्या शेवटी मुलांच्या फिल्म्स आम्ही शाळेच्या सभागृहात दाखवतो. मुगाच्या फिल्मच्या वेळी त्या मुलाची आजी पहिल्या रांगेत होती. दिवे गेले. बारा सेकंद. दिवे आले.

"झालं? मी कुठंय रे त्यात?"

"आहेस ना आजी."

"मला नाही दिसले. परत लाव."

त्याने परत लावलं. त्याही वेळी त्यांना सापडलं नाही. तिसऱ्यांदा त्या खुर्चीच्या कडेला सरकून बसल्या. मूग फुगले, फुटले, वर आले, लखकन काहीतरी गेलं. आजींनी मांडीवरचा उजवा हात उचलला, बांगड्या मागे सारल्या आणि प्रोजेक्टरच्या उजेडात तो उलटसुलट करून पाहत राहिल्या.