न घातलेली अट
अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ स्टिगलर यांनी १९४५ साली ७७ जिन्नसांतून एका माणसाचा वर्षाचा स्वस्तात स्वस्त पोषक आहार काढला: ३९.९३ डॉलर! १९४७ मध्ये डॅन्ट्झिग यांच्या नव्या रीतीने तोच हिशेब झाला. बचत निघाली चोवीस सेंटांची. रीत अशी: खर्च कमीत कमी, पण पोषणाच्या अटी पाळायच्या. जे खर्च वाढवते आणि ज्याची अट नाही, त्याच्या वाट्याला शून्य.

आमच्या आईने तुटपुंज्या पगारात हेच गणित जन्मभर मांडले. मुलांच्या दुधाची अट, आजोबांच्या औषधाची अट, पाहुण्यांच्या लाडवांची अट. स्वतःच्या ताटाची अट तेवढी तिने कधी घातलीच नाही. उत्तर नेहमी बिनचूक यायचे.

वाचकहो, यंदा फराळाचा हिशेब मांडाल तेव्हा घरच्या अन्नपूर्णेची अट पहिल्या ओळीत लिहा.