अर्जही माझा, मंजुरीही माझी

तालुक्याच्या आमच्या गावात महिला मंडळाची सचिव मी, बचत गटाची अध्यक्ष मी आणि वाचनालयाच्या महिला विभागातही मीच. भजनी मंडळात नुसते टाळ वाजवायची, पण वर्गणी माझ्याकडेच जमायची. उरलेली पदं आम्ही चौघी-पाचजणी आलटून-पालटून घ्यायचो. ‘कामाला बायका मिळत नाहीत’ असं इतकं घोकलं, की कुणाला विचारायचंच राहिलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू एकच व्हायचं. अहवालात मात्र ते तिन्ही संस्थांचं. अनुदानाच्या अर्जात मी तिन्हींच्या सभासदांची बेरीज लिहिली. त्या बेरजेत मी स्वतःच तीनदा होते.

गटाचा बँकेचा हप्ता कमी पडला, तेव्हा मंडळाच्या खात्यातून उसने घेतले. गटाची अध्यक्ष म्हणून अर्ज मी केला, मंडळाची सचिव म्हणून चेकवर सही मी केली. ठराव नंतर लिहिला, मागची तारीख घालून. ऑडिटच्या वेळी हिशेब तपासनिसांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले. ‘‘बाई, यात देणारं कोण आणि घेणारं कोण?’’ मला संताप आला. पैसे परत आले होते ना! पण नाही म्हणू शकणारं तिथे कुणीच नव्हतं, हे त्यांना दिसलं आणि मला दिसलं नव्हतं.

तेव्हा मी रमाबाई रानड्यांचा दाखला द्यायची. आर्य महिला समाजात त्या, 1904च्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्षपदी त्या, पुढे पुण्याच्या सेवासदनातही त्याच. दाखला खरा, पण मी तो लावला चुकीच्या जागी. त्यांच्या काळी शिकलेल्या बायका मूठभर. शिवाय सेवासदनातून शिक्षिका आणि परिचारिका तयार झाल्या. आमच्या हाताखाली सभेचं इतिवृत्त लिहिणारीसुद्धा तयार झाली नाही.

मंडळाचं सचिवपद सोडलं. नवी सचिव स्वतःचं दुकान चालवते, हिशेबाला चोख आहे. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो मी दिला नाही. त्यामुळे कागदावर सचिव अजून मीच, बँकेत सहीही माझीच चालते. विजेच्या बिलाचा चेक घेऊन ती बिचारी माझ्या दारात येते. परवा तिने विचारलंच, ‘‘काकू, मुद्दाम ठेवलाय का हो तो रिपोर्ट?’’

नाही म्हणाले. ते पुरतं खरं नव्हतं.